रोलचा कॅमेरा मोडला, आता काय?

मागच्या भागात आपण रोल कसा भरायचा ते पाहिलं होतं. या भागात खरं तर मी फ्लॅशबद्दल बोलणार होते, पण मध्ये एक गोष्ट घडली आणि विषय बदलावा लागला. माझा कॅमेरा पडला.

माझा म्हणजे बाबांचा. पेंटॅक्स के १०००. आतेभावाने आखातातून आणलेला, १९८४ साली बाबांनी त्याच्याकडून हप्त्याने घेतलेला. बाबा सांगलीत चित्रकलेचे शिक्षक होते. त्याआधी त्यांच्याकडे आगफाचा क्लिक थ्री होता. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल तो, माळ्यावर. काळा प्लॅस्टिकचा डबा, ऊन आणि ढग अशी दोन चित्रं, एका रोलमध्ये बारा फोटो. बँकेने माझी बदली कोलकात्याला केली तेव्हा बाबांनी पेंटॅक्स माझ्या बॅगेत ठेवला आणि एवढंच म्हणाले, "पट्टा बघत जा गं. जुना झालाय."

पट्टा मी बघितला नाही. हावडा पुलाखाली मल्लिक घाटाचा फुलबाजार आहे. पहाटे तिथे झेंडूच्या माळांचे ढीग डोक्यावर घेऊन माणसं पायऱ्या चढत-उतरत असतात. तिथल्या ओल्या पायरीवर उभी होते आणि पट्ट्याचं कातडं कडीपाशी तुटलं. कॅमेरा दोन पायऱ्या खाली गेला. मी उचलला, वेड्यासारखं लगेच बटण दाबलं. नेहमीचा खट्ट आवाज आला नाही. निम्माच आला. त्यानंतर पुढे ओढायचा खटका जागचा हलेना.

अशा वेळी जे करायचं नसतं तेच मी केलं असतं, पण हात आवरला. जे करायचं नसतं ते म्हणजे मागचं झाकण उघडणं. आत रोल होता, २३ फोटो झालेला. त्यात पूजेच्या सुट्टीत बाबा इथे आले होते तेव्हाचे फोटो होते. मधुमेहाने त्यांची नजर आता फार अधू झालीय, पुन्हा एवढा प्रवास ते करतील असं वाटत नाही. तेव्हा आधी रोल, मग कॅमेरा. तुमचाही कॅमेरा बंद पडला तर हाच क्रम ठेवा.

रोल सोडवायचा कसा? कॅमेऱ्याच्या तळाला एक छोटं बटण असतं. ते दाबलं की फिल्म पुढे ओढणारे दाते मोकळे होतात. मग वर डाव्या हाताची कळ उलगडून बाणाच्या दिशेने हळू फिरवायची. फिल्म मागे जाताना बोटांना ताण जाणवतो, आणि शेवटी ती गुंडाळीतून सुटली की कळ एकदम हलकी फिरते. तेव्हाच झाकण उघडायचं. माझ्याकडे कळ फिरली नाही, आत काहीतरी अडकलं होतं. जोर लावला तर फिल्म फाटते. मग दुसरा रस्ता, अंधार. दोन बाह्या शिवलेली काळी पिशवी मिळते, तिला चेंजिंग बॅग म्हणतात. ती नसेल तर रात्री खिडकी नसलेली खोली, दाराच्या फटीला टॉवेल, आणि वर गोधडी. पूर्ण काळोख हवा. सिनेमात दाखवतात तो लाल दिवा इथे चालत नाही, तो कागदावर प्रिंट काढताना. आपल्या नेहमीच्या फिल्मला लाल उजेडही दिसतो. मी न्हाणीघरात, गोधडीखाली, नोव्हेंबरात घामाघूम होऊन ती फिल्म हाताने डबीत परत गुंडाळली. पंचवीस मिनिटं लागली. डबी काळ्या कागदात बांधली, वर लिहिलं 'अंधारातच उघडणे', आणि लॅबमध्ये दिली.

रोल सुटला. आता कॅमेरा.

पहिला प्रश्न असा की नक्की काय मोडलं? आपण "कॅमेरा मोडला" म्हणतो, पण कॅमेरा म्हणजे दोन वस्तू, बॉडी आणि लेन्स. माझ्या लेन्सच्या पुढच्या कड्याला पोचा आला होता, बाकी ठीक. फोकसचं कडं मऊ फिरत होतं, आतली पाती उघडझाप करत होती. म्हणजे मला कॅमेरा नको होता, फक्त बॉडी हवी होती. आणि ती कोणतीही चालणार नव्हती.

याचं कारण समजून घ्या, कारण इथेच लोकांचे पैसे वाया जातात. लेन्स जिथे बसते त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीने ठरवून टाकलेलं असतं. पेंटॅक्सच्या के माउंटचं ते ४५.४६ मिलिमीटर आहे. निकॉनचं ४६.५. फरक जेमतेम एक मिलिमीटरचा. पण पेंटॅक्सची लेन्स जुगाड करून निकॉनवर बसवली तर ती फिल्मपासून जास्त लांब जाते, आणि लांबचं काही स्पष्ट येतच नाही. समोरच्या माणसाचं नाक येईल, मागचा पूल नाही. म्हणून बदली बॉडी शोधताना आधी माउंट बघायचा, मग नाव.

यात एक गंमत आहे. के माउंट पेंटॅक्सने १९७५ साली आणला आणि तो इतरांनीही वापरला. रिको, चिनॉन, कोसिना, काही झेनिट, या सगळ्यांनी के माउंटच्या बॉडी काढल्या. पेंटॅक्स के १००० हे नाव मोठं आहे. १९७६ ते १९९७ तो बनत होता, जगभर फोटोग्राफीच्या विद्यार्थ्यांच्या गळ्यात तोच असायचा, म्हणून त्याला आज भाव आहे. रिकोच्या बॉडीला तसं नाव नाही, म्हणून ती स्वस्त मिळते. बाबांच्या लेन्सला मात्र दोन्ही घरं सारखीच.

हे सगळं मला तेव्हा धड ठाऊक नव्हतं. मी गेले मेट्रो गल्लीत.

धर्मतल्याला, चौरंगीवर मेट्रो सिनेमा आहे, त्याच्या कडेची ही गल्ली. लोकांना वाटतं की नाव खालच्या मेट्रो रेल्वेवरून पडलं. रेल्वे आली १९८४ साली, सिनेमा १९३५ चा आहे. कोलकात्यात ज्याला कॅमेऱ्याचं काही घ्यायचंय, विकायचंय, दुरुस्त करायचंय, त्याला कोणीही हीच वाट दाखवतं. तिथून पाच मिनिटांच्या अंतरावर बोर्न अँड शेफर्डची इमारत आहे. एकोणिसाव्या शतकापासून चाललेला तो स्टुडिओ. १९९१ च्या आगीत त्यांच्या जुन्या निगेटिव्हचा मोठा साठा गेला आणि २०१६ साली स्टुडिओच बंद झाला. म्हणजे ज्या भागात दीडशे वर्षं फोटोचा धंदा चालला, त्याच्या शेपटाशी मी माझा मोडका कॅमेरा घेऊन उभी होते.

आता दुकानांत सगळं डिजिटलचं आहे, काचेत ड्रोनसुद्धा. दोन ठिकाणी "फिल्म? ना दीदी" असं ऐकल्यावर एकाने जिना दाखवला. वर खिडकीपाशी एक वयस्कर मिस्त्री बसलेले. डोळ्याला भिंग, समोर हिरवा कपडा, त्यावर चहाच्या बश्यांमध्ये स्क्रू. प्रत्येक बशी म्हणजे एकेक कॅमेरा. त्यांनी माझा पेंटॅक्स हातात घेऊन कानाजवळ हलवला, जसा आपण नारळ हलवतो. मग तळाची पत्री काढली आणि हसले. "दीदी, ये पहले भी खुला है." एक स्क्रू मूळचा नव्हता, दोन स्क्रूंच्या खाचा घासलेल्या होत्या.

मी म्हटलं शक्यच नाही, बाबा त्याला कुणाचा हात लावू देत नाहीत.

त्यांनी निदान सांगितलं. शटरचे दोन कापडी पडदे असतात, रबर चढवलेले. पहिला सरकतो, उजेड आत येतो, दुसरा त्याच्या मागून येऊन झाकतो. पडल्यामुळे दुसऱ्या पडद्याची यंत्रणा मधेच अडकली होती. दुरुस्त होईल, पण एक भाग वाकलाय, तो नवा मिळत नाही. कंपनी तो कॅमेराच बनवत नाही तर भाग कुठून येणार? त्यासाठी दुसरा मेलेला के १००० लागेल. त्याचा अवयव काढून याला लावायचा. "बॉडी लाओ, तो करेगा. जल्दी नहीं."

ही गोष्ट नीट लक्षात घ्या. रोलचा कॅमेरा बदलायचा असतो तेव्हा तीन रस्ते असतात. एक, तोच दुरुस्त करणे, त्यासाठी एक मेलेला जोडीदार शोधणे. दोन, तुमची लेन्स बसेल अशी दुसरी चालू बॉडी घेणे. तीन, नवाकोरा घेणे. तिसऱ्याबद्दल लोक विचारतात म्हणून सांगते. नवे फिल्म कॅमेरे अजून निघतात. लायकाने एम ६ हे मॉडेल २०२२ साली पुन्हा काढलं, पण त्याच्या किमतीत चांगली मोटारसायकल येते आणि पैसे उरतात. २०२४ मध्ये पेंटॅक्स १७ आला. गोड कॅमेरा आहे, अर्ध्या चौकटीचा, म्हणजे ३६ च्या रोलमध्ये ७२ फोटो. रोल महाग झालाय त्या काळात हे चांगलंच. फिल्म आता सगळी परदेशातून येते, उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल आठवणीतच राहिला. पण पेंटॅक्स १७ ची लेन्स पक्की बसवलेली आहे. बाबांची लेन्स त्याला लागत नाही. माझ्यासाठी तो रस्ता बंद.

मी दुसरा रस्ता धरला आणि तिथे पहिल्यांदा फसले. घाई झाली होती, मल्लिक घाटाचं काम अर्धवट होतं. इंटरनेटवर एक के १००० दिसला, 'चालू स्थितीत, घरचा वापर'. पैसे पाठवले. आला तो चकाचक. रोल भरला, ३६ फोटो काढले, धुऊन आले तर उन्हातल्या प्रत्येक फोटोची एक बाजू काळी. विकणाऱ्याचा फोन बंद. त्या एका रोलने मला जे शिकवलं ते तुम्हाला फुकट देते.

जुना कॅमेरा विकत घेताना रोल लागत नाही. लेन्स काढा, मागचं झाकण उघडा, कॅमेरा आकाशाकडे धरा आणि मागून बघत बटण दाबा. सगळ्यात वेगवान शटरला, म्हणजे १/१००० ला, क्षणभर उजळ चौकोन दिसला पाहिजे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक कड अंधारी दिसली तर घेऊ नका. या वेगाला दोन पडद्यांमध्ये बारीक फटच असते आणि ती सरकत जाते. मागचा पडदा पुढच्याला गाठतो तेव्हा फट मिटते आणि उरलेला फोटो काळा. माझ्या चकाचक कॅमेऱ्याला हाच रोग होता, म्हणून तर फक्त उन्हातले फोटो बिघडले. सावलीत वेग कमी ठेवला होता, तेव्हा फट रुंद होती.

मग हळू वेग. एक सेकंदावर लावा आणि मनात मोजा. आतून बारीक घर्र असा आवाज येतो, छोट्या घड्याळासारखा. मध्ये अडखळला तर तेल सुकलंय. ते फार मोठं दुखणं नाही, साफ करून येतं. पडद्याला टाचणीएवढी भोकं आहेत का ते अंधाऱ्या कोपऱ्यात मोबाइलचा टॉर्च लावून बघा. झाकणाच्या खाचेत बोट फिरवा. बोटाला डांबरासारखं काळं चिकट लागलं तर उजेड अडवणारा फोम कुजलाय. विकणारा त्यावर तोंड वाकडं करेल, तुम्ही करू नका, हे घरी बदलता येतं. उलट या कारणाने भाव पाडून मागा.

लेन्समध्ये टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. कोलकात्याच्या दमट हवेत आणि आपल्या कोकणातही हा रोग घरोघरी आहे. कातडी केसमध्ये कॅमेरा ठेवणं म्हणजे बुरशीला अंथरूण घालून देणं. केस वेगळी ठेवा, कॅमेरा हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल.

आणि सेल. इथे मोठी भानगड आहे. सत्तरच्या दशकापर्यंतचे पुष्कळ कॅमेरे पाऱ्याच्या सेलवर चालत, १.३५ व्होल्टच्या. पारा विषारी म्हणून ते सेल बाजारातून गेले. त्याच आकाराचा आजचा सेल १.५ व्होल्टचा असतो, तो घातला की मीटर खोटं बोलतं. जाणकार लोक कानाच्या मशीनचा झिंकचा सेल घालतात, तो १.४ व्होल्टचा, बराच जवळ जातो. के १००० ला ही कटकट नाही, साधा एलआर ४४ लागतो आणि तोही फक्त मीटरपुरता. सेल संपला तरी शटर चालतं. पण त्याला मीटर बंद करायचं बटण दिलेलं नाही, लेन्सवर टोपण लावून ठेवायची. टोपण विसरलात की सेल संपला.

मीटर मेलेलं असेल तर? तरी घ्या, शटर चांगलं असेल तर. लख्ख उन्हात ॲपर्चर एफ १६ ठेवायचं आणि शटर फिल्मच्या आयएसओएवढं. दोनशेच्या फिल्मला १/२५० . ढग आले की एफ ८. बाबांनी क्लिक थ्रीवर ऊन आणि ढग एवढ्यावर माझ्या आईचे लग्नानंतरचे सगळे फोटो काढलेत, ते अजून उत्तम आहेत. पूर्ण इलेक्ट्रॉनिक बॉडीचं मात्र तसं नाही. सर्किट गेलं की मिस्त्रीसुद्धा हात जोडतो. पेंटॅक्सचाच एमई सुपर घ्या. इलेक्ट्रॉनिक्स गेलं तर त्याच्याकडे १/१२५ हा एक वेग आणि बल्ब उरतो, बाकी काही नाही.

मिस्त्रींकडे दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी चहा मागवला आणि निमाई घोषांचं नाव काढलं. सत्यजित राय यांच्या शूटिंगचे फोटो काढणारे निमाई घोष, २०२० साली गेले. त्यांना पहिला कॅमेरा कसा मिळाला हे कोलकात्यात सांगितलं जातं. कोणीतरी टॅक्सीत विसरलेला एक कॅनोनेट त्यांच्या मित्राच्या हाती लागला. मित्र यांचे पैसे देणं लागत होता, त्याच्यात तो कॅमेरा वळता झाला. निमाईदा तेव्हा नाटकात काम करत. तो कॅमेरा घेऊन ते 'गुपी गाइन बाघा बाइन'च्या शूटिंगला बीरभूमला गेले, फोटो काढले, रायना ते आवडले, आणि पुढे पंचवीसेक वर्षं ते रायबाबूंच्या सोबत राहिले. आयुष्यभर फिल्मवरच.

मला त्या कॅमेऱ्याचं नाव ऐकून वेगळंच सुचलं. कॅनोनेटची लेन्स निघत नाही. तो मोडला असता तर लेन्सही गेली असती, आणि पाऱ्याचा सेल लागतो तो वेगळाच. घेताना हा विचार कोण करतं? हातात आला म्हणून घेतला. आपणही बहुतेक कॅमेरे असेच घेतो, मामाने दिला, आतेभावाने आणला. दुसऱ्यांदा घेताना मात्र विचार करायची संधी मिळते, आणि तेव्हा पहिला प्रश्न असा विचारा की हा कॅमेरा उघडणारा माणूस माझ्या शहरात आहे का? मी हा प्रश्न विचारला नव्हता. मिस्त्री बहात्तर वर्षांचे आहेत. त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो.

इंटरनेटवरून आलेला चकाचक के १००० त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उघडून बघितला आणि म्हणाले, याचा पडदा थकलाय, पण तुमच्या कॅमेऱ्याला जो भाग हवा तो यात साबूत आहे. म्हणजे ज्याने मला फसवलं त्यानेच मला मेलेला जोडीदार पाठवला होता. मी एवढी हसले की खालचा दुकानदार वर आला.

काम व्हायला दोन महिने लागणार होते. तोवरसाठी त्यांच्याच कपाटातून रिकोची के माउंटची यांत्रिक बॉडी घेतली, मूळ के १००० च्या निम्म्याहून कमी भावात. आकाशाकडे धरून बघितली, एक सेकंद मोजला, बोटाला डांबर लागलं, त्यावरून तीनशे रुपये कमी केले. बाबांची लेन्स खट्टकन बसली.

राहिलं होतं ते बाबांना सांगणं. पंधरा दिवस टाळलं होतं. रविवारी फोन केला.

"बाबा, कॅमेरा पडला माझ्या हातून."

"लेन्स?"

"लेन्स चांगली आहे. बॉडी दुरुस्तीला दिलीय. मिस्त्री म्हणतात आधीही कोणीतरी उघडलाय."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग आवाज खाली करून म्हणाले, "एक्याण्णव साली पन्हाळ्याला पडला होता. सहल होती शाळेची. मुंबईला पाठवून नीट करून आणला. तुझ्या आईला अजून माहीत नाही, बोलू नकोस."

लॅबमधून रोल आला. गोधडीखाली गुंडाळलेली फिल्म, तिच्यावर दोन ठिकाणी माझ्या बोटांचे ठसे आहेत, पण २३ च्या २३ फोटो आले. बाबा व्हिक्टोरियासमोर, बाबा हातरिक्षाकडे पाठ करून उभे, कारण त्यांना त्यात बसायचं नव्हतं. शेवटच्या चौकटीत, पडल्यावर मी वेड्यासारखं बटण दाबलं तो फोटो, चोविसावा. अर्ध्या भागात ओली पायरी आणि झेंडूची एक पाकळी, उरलेला अर्धा काळा.

पेंटॅक्स जानेवारीत मिळेल. पट्टा मी नायलॉनचा घेतलाय. पुढच्या भागात रिकोचा कुजलेला फोम काढून नवा कसा बसवायचा ते करून दाखवते. त्यासाठी टूथपिक, थोडं स्पिरिट आणि काळ्या लोकरीचा गुंडा आणून ठेवा.